कडा राहतील

आले म्हणे. सकाळी दूध तापत ठेवलं होतं तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला लागले. नेरुळच्या तलावावर गुलाबी ठिपके, खाली कुणाचं तरी 'वेलकम बॅक', बदामांची रांग आणि त्यातच एकाची टँकर कधी येणार म्हणून चौकशी. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात, आमच्याकडे सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. कोपरखैरण्यात थंडी ती काय, पंखा पाचावरून दोनावर येतो एवढंच. पण तो दोनावर आला की हे पक्षी येतात, आणि मग मे महिन्यापर्यंत हलत नाहीत. सगळ्यांना कोण आनंद! मी मात्र फोन पालथा घातला.

"आले का गं?" हॉलमधून ह्यांचा आवाज आला. फोन लागोपाठ वाजला की ह्यांना समजतं.

"आले."

"फोटो कसले आहेत? फोनवरचे की कॅमेऱ्याचे?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"न कळायला काय झालं? मान बघ. फोनवर लांबून काढला की मान पाण्यात विरघळलेली दिसते."

मी बघितलं. मान विरघळलेली होती. "फोनवरचेच आहेत," म्हटलं. त्यावर हे समाधानाने हसले. जगात अजून कुणाला आपल्यापेक्षा चांगला फोटो जमलेला नाही, याचा त्यांना अजूनही आनंद होतो. मी गॅस बंद केला. दूध तोवर उतू गेलं होतंच.

ह्यांची सगळी नोकरी तुर्भ्याच्या कारखान्यात गेली, तयार मालाची तपासणी करण्यात. केसाएवढी चीर ह्यांच्या नजरेतून सुटायची नाही. घरीही तेच. ताटलीला साबण राहिला, चादर तिरकी झाली, माझी टिकली मधोमध नाही, सगळं दिसायचं आणि सगळं बोलून दाखवायचं. मी वैतागायचे. "कारखाना तुर्भ्याला ठेवून येत जा," म्हणायचे. रिटायर झाल्यावर वर्षभरात भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तारीख दिसेनाशी झाली. आजूबाजूच्या तारखा दिसायच्या, जिच्याकडे बघावं तीच नसायची. आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून खूप वेळ तपासलं. म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. ऑपरेशन नाही, इंजेक्शनचा उपयोग ह्यांच्या प्रकारात नाही. पूर्ण अंधार होणार नाही, काळजी करू नका. कडा राहतील, मधलं जाईल.

काळजी करू नका! आता माणसाचं मधलं काय असतं? चेहराच ना?

तेव्हापासून हे माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायला लागले. कानाकडे बघितलं की चेहरा कडेला येतो आणि थोडासा कळतो. नव्या माणसाला वाटावं, नवराबायकोचं भांडण झालंय, नजरेला नजर देत नाहीत. पोळीची कड दिसायची, भाजी दिसायची नाही. जिना उतरताना अडचण यायची नाही, पण दारात कोण उभं आहे ते आवाज आल्याशिवाय कळायचं नाही. आणि अशातच एके दिवशी ह्यांनी जाहीर केलं, "मला कॅमेरा घ्यायचाय."

नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, दादाचं डोकंबिकं ठीक आहे ना?" मलाही तेच वाटलं होतं, पण सासरच्या माणसांसमोर नवऱ्याची बाजू सोडायची नसते. म्हटलं, "हौस आहे, करू दे."

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "नीला, आपल्या काळी रोलमध्ये छत्तीस फोटो मिळायचे. श्वास रोखून एकेक काढायचा, आणि धुऊन आल्यावर कळायचं की अर्ध्यांत डोळे मिटलेले आहेत. ह्यात तसं नाही. काढला की तिथल्या तिथे बघता येतो. आणि मुख्य म्हणजे मोठा करून बघता येतो. हवा तेवढा. डोळ्याला मोठं करता येत नाही."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा पंख्याकडे बघायला लागले. मी आत जाऊन उगाच डाळीचे डबे पुसले.

मग सुरू झालं कॅमेरा निवडणं. बाई गं, आमच्या मुलीचं लग्न ठरवताना एवढी चिकित्सा झाली नव्हती! ह्यांना स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायचं मी. भाजी निवडता निवडता सेन्सर, झूम, मेगापिक्सेल. मी मोठे आकडे मोठ्याने वाचायचे, तर हे म्हणायचे, "आकडे सोड. मेगापिक्सेल म्हणजे ताटाचा आकार. ताट मोठं असलं म्हणून जेवण चांगलं असं नसतं. सेन्सर केवढा आहे ते बघ, उजेड तो पितो." त्यांचं म्हणणं असं की कॅमेरा घेताना आधी स्वतःला विचारायचं, मला बघायचंय काय? घरातली माणसं बघायची असतील तर लहानसा, खिशातला. लांबचा पक्षी बघायचा असेल तर झूम. आणि मग विचारायचं, हा मी रोज गळ्यात घालणार आहे का? कपाटात राहणारा चांगला कॅमेरा आणि गळ्यात राहणारा बरा कॅमेरा, यात गळ्यातला घ्यावा. किती शहाणपणाचं बोलले होते तेव्हा!

वाशीच्या दुकानातली मुलगी हुशार होती, पण तिची गाडी एकाच रुळावर. "अंकल, हा घ्या ना, व्लॉगिंगला एकदम बेस्ट आहे. स्क्रीन फिरते, स्वतःला बघता येतं."

"स्वतःला बघून झालंय," हे म्हणाले. "डोळा लावायची खिडकी असलेला दाखव."

तिने एकेक काढून काउंटरवर ठेवला. ह्यांनी प्रत्येक हातात घेऊन डोळे मिटले. बोट बटणावर आपोआप जातंय का, चाक कुठे आहे, चालू-बंद कुठे, सगळं चाचपून. ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "असंच घेतात हे. आंबेसुद्धा." एक कॅमेरा भलताच भारी होता, लेन्स हातभर. ह्यांचा जीव त्यात अडकलेला दिसत होता, पण मी गळ्यात घालून बघितला आणि परत ठेवला. नाकापेक्षा मोती जड! शेवटी मधला घेतला. लेन्स अंगचीच, न बदलता येणारी, पण झूम चांगला लांब. खिडकीच्या बाजूला एक बारीक चाक होतं, ते फिरवून डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवता येतं. हे ते चाक फिरवत दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी लोणच्याची बरणी उन्हात ठेवलीय." मी बघितलं. होती. त्या मुलीला काही कळलं नाही, पण मला दुकानातच रडू आलं आणि मी ते शिंकेवर ढकललं.

तो मोसम! तसा मोसम पुन्हा येणे नाही. खाडी भरली की पक्षी तलावात येतात, म्हणून भरती कधी आहे ते बघून आम्ही रिक्षाने नेरुळला जायचो. बरोबर कधीकधी बाळाराम असायचा, ह्यांच्या कारखान्यातला जुना सहकारी. तो इथलाच, खाडीकाठच्या गावातला. शहर व्हायच्या आधी त्यांची मिठागरं होती या बाजूला. "वैनी, आमी बारकं व्हतो तवा याला कोन फ्लेमिंगो बोलत नव्हता," तो सांगायचा. "आन् फोटू तर कोनीच काढत नव्हता. आता बगा, पाखरं कमी आन् कॅमेरे जास्ती." खरंच, तलावाच्या काठावर एकेकाच्या तोफा लागलेल्या असायच्या. त्यांच्यात हे आपला लहानसा कॅमेरा घेऊन उभे राहायचे. त्याचं झाकण हरवू नये म्हणून मी त्याला पायजम्याची नाडी बांधून दिली होती. झाकण काढलं की ते नाडीला लोंबायचं आणि ह्यांच्या पोटावर टकटक वाजायचं. तोफावाले हसायचे. हसेनात का.

हजारो पक्षी पाण्यात मान घालून उभे. एकाच वेळी सगळे बडबडत असल्यासारखा आवाज, लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं चालू असताना येतो तसा. मध्येच काहीतरी होऊन सगळे उडायचे आणि पंखांच्या आतला लालकाळा रंग एकदम उघडा पडायचा. हे खटाखट बटण दाबायचे. त्यांना काय दिसत असेल मला माहीत नाही. कदाचित गुलाबी असं काहीतरी हललं, एवढंच. पण घरी येऊन हातपाय धुतले की कॅमेऱ्याची वायर टीव्हीला लावायची, हा नेम. चहा नंतर. एकेक पक्षी मोठा करत न्यायचा, अख्ख्या टीव्हीभर एक चोच होईपर्यंत. मग हे टीव्हीच्या अगदी जवळ, जरा तिरके उभे राहून, मान वळवून बघायचे. "डोळा पिवळा आहे गं ह्याचा!" एवढा आनंद झालेला माणूस मी ह्या घरात दुसरा पाहिलेला नाही.

एकदा पक्ष्यांचे फोटो संपले आणि पुढचा फोटो माझाच आला. तलावाच्या काठावर मी, तोंडात चणे, वाऱ्याने केस उडालेले. म्हटलं, "अहो, काढून टाका तो." हे ऐकेनात. मोठा करत गेले. माझा चेहरा टीव्हीभर झाला. मग उभे राहिले तिरके, आणि मान इकडून तिकडे वळवत बघत राहिले. शेवटी म्हणाले, "नीला, केस केवढे पांढरे झाले गं तुझे. आणि ही हनुवटीखालची रेघ कधी आली?"

"झालं तुमचं इन्स्पेक्शन सुरू," मी म्हटलं.

"टिकली मात्र मधोमध आहे."

लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही ह्यांनी माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं. मी टीव्हीतल्या माझ्याकडे बघितलं, म्हातारी, चणे खाणारी, आणि मला ती आवडली.

मग पावसाळा आला. आता आमच्यासारख्या घरात महागाच्या वस्तूचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. सोफ्याचं प्लास्टिक चार वर्षं न काढणारे आम्ही लोक. पाहुण्यांचे कप पाहुण्यांनाही न देणारे. पावसात कॅमेरा भिजायला नको, म्हणून आम्ही दोघांनी मिळून तो माझ्या जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळला, चामडी पिशवीत घातला, पिशवी प्लास्टिकमध्ये, ते सगळं गोदरेजच्या कपाटात आतल्या कप्प्यात, माझ्या पाटल्यांशेजारी. वर दोन डांबरगोळ्या. कपाटाला किल्ली. पक्षी आले की काढू म्हटलं. लहान मुलालाही कुणी इतकं गुंडाळत नाही. आणि बाहेर आमची ही खाडीकाठची हवा, पावसाळ्यात मीठ पाणी होतं आणि चपलांवर हिरवं चढतं.

गेल्या वर्षी पंखा दोनावर आला, पक्षी आले, कॅमेरा बाहेर निघाला. बाहेरून लखलखीत. आम्ही तलावावर गेलो. पाणी कमी वाटत होतं. शेजारच्या जागेला बांधकामाचे पत्रे लागले होते, भरतीचं पाणी आत यायचा रस्ता बुजला होता. बाळाराम म्हणाला, "पान्याला वाटच नाय राह्यली, पाखरू कशाला येल?" ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बारीक चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. परत इकडे. दोनचारदा बटण दाबलं, मग खाली घेतला. "चल," म्हणाले. "आज ऊन बरोबर नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर वायर टीव्हीला लावली नाही. पुढच्या वेळीही तेच. मग कधी गुडघा दुखायचा, कधी रिक्षाचा कंटाळा. चहा आधी मागायला लागले. रेडिओ लावून पंख्याकडे बघत बसायचे. मी चिडायचे. "हौस फिटली वाटतं! एवढा कॅमेरा घेतलाय कशाला मग?" हे ऐकून घ्यायचे.

एका रविवारी नणंद आली आणि म्हणाली, दाखव की वहिनी तुमचे फ्लेमिंगो. मीच वायर लावली. बघते तर नव्या मोसमाचे सगळे फोटो धुरकट. दुधाच्या पातेल्यावर बसते तशी साय सगळ्यावर. पक्षी आहेत की कपडे वाळत घातलेत, कळेना. मी किंचाळलेच. "अहो! हे मलाही धूसर दिसतंय!"

हे रेडिओपाशी बसले होते. त्यांनी मान वळवली. "काय?"

"फोटो! मलाही धूसर दिसतायत! वन्सं, तुम्हाला?"

"मला वाटलं टीव्हीच बिघडलाय," ती म्हणाली.

हे उठून आले. खुर्चीला धडकले, तरी थांबले नाहीत. म्हणाले, "म्हणजे ते माझं नाही?" आणि पुन्हा, "नीला, नीट बघून सांग. तुला दिसतंय ते धुकं?" तेव्हा मला कळलं, इतके दिवस हा माणूस काय उरावर घेऊन बसला होता. खिडकीला डोळा लावल्यावर जे धुकं दिसलं ते आपल्या डोळ्यातलं, उरलंसुरलंही गेलं, असं समजून गप्प बसला होता. मला सांगितलं नाही, आणि मी गुडघ्याला तेल चोळत होते!

लेन्स उजेडात धरून बघितली तर आत कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी. जगात कुठल्या बाईला बुरशी बघून एवढा आनंद झाला नसेल. मी नणंदेला मिठी मारली, तिच्यासाठी शिरा केला. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन," असं बोलूनही गेले, आणि जीभ चावली. हे मात्र हसले. त्या रात्री कॅमेरा पुन्हा निवडायला बसल्यासारखे बोलत होते. म्हणे पुढच्या वेळी घेताना बघायचं, कुणी उघडून साफ करून देतो का. कॅमेरा निवडताना आधी दुरुस्तीवाला निवडावा.

दुरुस्तीवाले वाशीतलेच, वयस्कर. त्यांनी लेन्स दिव्यासमोर धरली आणि कपाळाला हात लावला. "कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता ना? सगळे तेच करतात. वापरून कॅमेरा मरत नाय हो, जपून मरतो. त्याला हवा पाहिजे, उजेड पाहिजे." आठवड्याने लेन्स झकास साफ करून दिली. मी स्वतः बघितलं. समोरच्या इमारतीवरची पाटी, खालचा फोन नंबर, त्यावरची कावळ्याची घाण, सगळं धुतल्यासारखं. आमचं जुनं झाकण नाडीसकट त्यांच्याकडून कुठेतरी हरवलं होतं, म्हणून त्यांनी नवीन बसवून दिलं, चांगलं घट्ट. हे म्हणाले, "मी इथे नाही बघणार. तलावावरच बघेन."

दुसऱ्या दिवशी गेलो. मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला, का ते विचारू नका. तलावात मधल्या डबक्यापुरतं पाणी होतं, बाकी चिखल तडकलेला. पक्षी थोडेच, लांब, पण होते. तोफावाले त्या दिवशी कुणी नव्हते. हे काठावर उभे राहिले, कॅमेरा चालू केला, डोळ्याला लावला. मी त्यांच्या एक पाऊल मागे होते आणि मनातल्या मनात देवांची नावं घेत होते.

"दिसतंय?" मी विचारलं.

ह्यांनी बारीक चाक फिरवलं. मग म्हणाले, "दिसतंय."

"स्वच्छ?"

"एकदम. काचेसारखं. तुझ्या त्या माणसाने काम झकास केलंय हं." आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "पुढच्या पक्ष्याचा डोळा बघ, पिवळा आहे."

मला इतका आनंद झाला, की बघू बघू करत मी पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले.

लेन्सवर झाकण होतं. नवीन, घट्ट, काळं. नाडी नव्हती, त्यामुळे पोटावर टकटक वाजत नव्हतं आणि ते काढायचं राहिलंय हे ह्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खिडकीत काळ्या अंधाराखेरीज काही असणं शक्य नव्हतं. आणि हे त्यात बघून मला सांगत होते, "आता मान वर केली बघ त्याने. वा!"

माझा हात पुढे गेला होता. चिमटीत धरून काढलं असतं की झालं असतं. पण मनात आलं, झाकण काढलं, आणि त्यानंतरही हे ह्याच आवाजात, असेच, "दिसतंय" म्हणाले तर? मग मी काय धरून राहू? झाकण आहे तोवर म्हणता तरी येतं की झाकणामुळे.

मी हात मागे घेतला. "हो हो, मान वर केली," म्हटलं. पक्ष्याने मान वर केली नव्हती. आम्ही दोघं तिथे तसेच उभे राहिलो, हे फोटो काढत आणि मी कौतुक करत, चिखल वाळल्याचा वास येत होता. घरी आल्यावर मी मुद्दाम वाट बघितली. हे हातपाय धुऊन आले, बसले आणि म्हणाले, "चहा टाक. फोटो उद्या बघू."

तो उद्या अजून आलेला नाही. हे आता माझ्या कानाकडे बघतात, पण बघून काही होत नाही. सवय म्हणून बघतात. टिकली कुठे आहे ते बोलत नाहीत. कधीकधी मी मुद्दाम तिरकी लावते.

आज सकाळी उतू गेलेलं दूध पुसून मी चहा घेऊन बाहेर आले. ह्यांच्या हाताला कप लावला.

"यंदा पाणी आहे का गं तलावात?"

ग्रुपवरच्या फोटोत पक्ष्यांच्या मागे नुसता चिखल होता. "आहे की," मी म्हटलं. "भरपूर."

"मग जाऊ एकदा. लेन्स साफच आहे आपली." चहा पिता पिता म्हणाले, "कॅमेरा जरा पुसून ठेव."

"ठेवते."

कॅमेरा आता कपाटात नसतो, हवेला, उजेडात, शोकेसवर असतो. मी पदराने तो सगळीकडून पुसला, पट्टा पुसला, बटणं पुसली. झाकण पुसलं, वरूनच.